लाइनवर तिसरं माणूस

आई गेल्यानंतर तिचा कॉम्प्युटर मी पहिल्यांदा सुरू केला तेव्हा त्याने माझं अभिनंदन केलं. पडद्यावर सोनेरी कागदाचे तुकडे उधळले गेले आणि मी किती भाग्यवान आहे हे ठळक अक्षरांत सांगण्यात आलं. ती चौकट बंद केली तर तिच्यामागे दुसरी उभी होती. माझ्या यंत्रात शेकडो गंभीर दोष सापडले होते आणि एक बटण दाबलं की ते सगळे नाहीसे होणार होते. तिच्यामागे फार पांढऱ्या दातांची एक बाई वजन कमी करून देत होती. तिच्याही मागे, आमचा काडीचाही संबंध नसलेल्या कुठल्याशा शहरातलं हवामान.

भेटायला येणाऱ्यांतही काही जण याच जातीचे होते. त्यांच्या कोपऱ्यात बंद करायची फुली नसते, एवढाच फरक.

कॉम्प्युटर स्वयंपाकघराच्या पलीकडच्या लहान खोलीत होता. खिडकीला पाठ, भिंतीकडे तोंड. टेबलावर आईने स्वतः विणलेलं झाकण, प्रिंटरवर दुसरं. प्रिंटर कधीच चालला नव्हता, पण झाकण त्यालाही होतं.

"फॉरमॅट मारतो मी त्याला," दादा पहिल्याच दिवशी म्हणाला होता. "सगळं साफ करतो आणि कुणा गरजूला देऊन टाकतो. आईने त्याचा पार उकिरडा केला होता. दिसेल ते बटण दाबायची. हजारदा सांगितलं, आई, हे जाहिरातवाले चोर असतात. ऐकेल तर शपथ."

दादा एका कंपनीत बऱ्याच माणसांवर देखरेख करतो. माणसं काम करतात आणि ती करतात की नाही हे दादा बघतो. घरातही त्याचा स्वर तोच असतो. आई गेल्यापासून त्याच्याकडे आणखी एक वाक्य आलं होतं. येईल त्याला आणि फोन करील त्याला तो ते ऐकवायचा. "अचानक गेली हो. कुणालाच काही कल्पना नव्हती." हे म्हणताना तो मान हलवून जरा थांबायचा. समोरचा माणूसही थांबायचा. मग चहा यायचा.

मी त्याला कॉम्प्युटर नेऊ दिला नाही, ते ट्रंक मावशीमुळे.

ट्रंक मावशी वरच्या मजल्यावर राहते. ती आणि आई एकाच टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. आई गावातल्या कॉलच्या लोकल बोर्डावर, मावशी बाहेरगावच्या कॉलच्या ट्रंक बोर्डावर, म्हणून आमच्या घरात तिचं नाव ट्रंक मावशी पडलं आणि राहिलं. एक्स्चेंजमधल्या सगळ्या बायकांचा एक फोटो होता. मावशीची प्रत कधीच हरवली होती. आईने तिची प्रत कुठूनतरी स्कॅन करून आणली आणि मूळ फोटो, दुसऱ्या एका मैत्रिणीला दाखवायला दिलेला, परत आलाच नाही. म्हणजे आता तो फोटो फक्त या यंत्रात होता.

"तेवढा फोटो दे गं मला काढून," मावशी म्हणाली. "मग ते खोकं खड्ड्यात टाका की फॉरमॅट का काय ते करा."

आईबद्दल इथे एक गोष्ट सांगायला हवी. ऑपरेटरला दोन माणसांचं बोलणं ऐकता येत असे. जोडून दिलं की बोर्डावरची आपली खटकी वर करायची, म्हणजे कान बंद. खटकी खालीच राहिली तर सगळं ऐकू येतं. पुष्कळजणी ऐकायच्या. आई ऐकत नसे, आणि ऐकणाऱ्यांबद्दल तिला जी किळस होती ती झुरळांबद्दलही नव्हती. ऑपरेटर मध्ये आली की लाइनवर बारीक 'टक्' असा आवाज होतो. तो आवाज आईच्या कानात आयुष्यभर राहिला. घरच्या फोनवर बोलतानाही मध्येच ती थांबून कडक आवाजात विचारायची, "मध्ये कोण आलंय?" बहुतेक वेळा कुणीच नसायचं. आम्हा दोघांना तिची एक शिकवण फार लवकर मिळाली होती. घरात कुणी फोनवर बोलत असेल तर खोलीतून बाहेर जायचं आणि जाताना दार ओढून घ्यायचं.

तर फोटो शोधायचा म्हणून मी त्या दुपारी बसले. फोल्डर उघडायला गेलं की दात विचकत बाई यायची. शेवटी वैतागून मी आधी घाण काढायची ठरवली. यंत्रात असलेल्या सगळ्या प्रोग्रामांची यादी उघडली आणि कोण कधी आत आलं त्या क्रमाने लावली.

एका यंत्रात इतका फालतूपणा मावतो हे मला माहीत नव्हतं. शोधायला मदत करणारी पट्टी, त्या पट्टीला मदत करणारी दुसरी पट्टी. स्वस्त वस्तू सुचवणारा. गती वाढवणारा, ज्याने गती मारली होती. सफाई करणारे दोघे, एकमेकांना घाण ठरवणारे. प्रत्येकाच्या नावात 'स्मार्ट' किंवा 'सेफ' होतं. माणसाने स्वतःच्या व्हिजिटिंग कार्डावर 'प्रामाणिक' छापून घ्यावं तसं.

आणि सगळे एकाच तारखेला आले होते.

आई दिसेल ते बटण दाबत असती तर ते एकेक करून, वर्षभर येत राहिले असते. हे सगळं वऱ्हाड एका दिवशी, एकाच गाडीतून उतरलं होतं. तो दिवस मला आठवला, कारण त्या संध्याकाळी आईचा फोन आला होता. "तुझा भाऊ आला होता. दुपारभर कॉम्प्युटरपुढे बसला होता. चहा निवून गेला तरी उठला नाही. म्हणे प्रिंटर जोडतोय." मी विचारलं, जोडला का? आई म्हणाली, "प्रिंटर तसाच आहे. चेहरा मात्र काहीतरी जोडल्यासारखा होता."

मी एकेक काढत गेले. काढताना प्रत्येकजण विचारत होता, नक्की जाऊ ना? काहींनी रडका चेहरा दाखवला. ज्याला आत येताना परवानगी लागली नव्हती तो जाताना लाज नसल्यासारखा निरोप समारंभ मागत होता.

शेवटी एकच उरला. बाकीच्यांसारखा भडक नव्हता. करड्या रंगाचं साधं चिन्ह, नावात 'कुटुंब' आणि 'सुरक्षा' हे दोन्ही शब्द. त्याला काढायला गेले तर त्याने पासवर्ड मागितला.

माझ्या फोनवर मी ते नाव शोधलं. हा प्रोग्राम ज्या यंत्रात असेल त्याच्या पडद्याचे फोटो थोड्या थोड्या वेळाने काढतो, काय शोधलं, काय टाइप केलं ते टिपतो आणि सगळं तो टाकणाऱ्याच्या फोनवर पाठवतो. हा विकत मिळतो. एका कुठल्यातरी साइटवर मात्र तो फुकट मिळत होता आणि त्याच्याबरोबर आणखी काय काय पदरात पडतं याबद्दल खाली लोकांनी शिव्या लिहिल्या होत्या. पट्ट्या, सफाईवाले, पांढऱ्या दातांची बाई. सगळे ओळखीचे.

म्हणजे माझ्या भावाने आईवर पाळत ठेवायला हेर आणला होता, आणि तोही फुकटातला. चार पैसे टाकले असते तर निदान बाकीची टोळी तरी घरात शिरली नसती. शिरल्यावर दोन वर्षं तो आईलाच म्हणत राहिला, तू उकिरडा केलास.

मी पासवर्डच्या चौकटीकडे बघत होते तेवढ्यात फोन वाजला. दादा.

"अगं, ते काढायच्या भानगडीत पडू नकोस."

"काय काढायच्या?"

"ते कॉम्प्युटरमधलं. गडबड होईल. मी करतो ना."

"मी कॉम्प्युटरवर बसलेय हे तुला कुणी सांगितलं?"

"अंदाज. दुपारची तू दुसरं काय करणार?"

"झोपले असेन की."

"तू दुपारी झोपतेस कधी?"

"दादा, माझ्यासमोर आत्ता पडद्यावर काय आहे?"

"मला काय माहीत!"

"मग काय काढू नको म्हणतोस?"

"मी येतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मावशी जिन्यावरून हळूहळू उतरत आली ती याच सुमाराला. एका हातात चष्म्याची डबी, दुसरा कठड्यावर. पलंगाच्या कडेवर बसली, चष्मा चढवला आणि पडद्यावरचं करडं चिन्ह बघून म्हणाली, "सापडला का तुला हा?"

"तुला माहीत होतं?"

"माहीत! अगं, आम्ही दोघी त्याच्याबरोबर किती खेळलो." तिला एकदम हसू आलं, आणि हसताना आई नाही हे आठवून ते मध्येच गिळलं. मग तिने सांगितलं.

आईने हीटरच्या किमती शोधल्या की दोन दिवसांत दादा येऊन विजेच्या बिलावर व्याख्यान द्यायचा. आईने ठेवींच्या वारसाबद्दल काही वाचलं की वहिनी केक घेऊन हजर. एरवी महिना महिना फिरकायचे नाहीत. लाइनवर 'टक्' झालं नव्हतं, पण कुणीतरी मध्ये आलंय हे आईने ओळखलं. एक्स्चेंजमध्ये ऐकणारी कोण हे शोधायची एक रीत होती. लाइनवर एक धडधडीत थाप सोडायची आणि ती कुणाच्या तोंडून परत येते ते बघायचं.

"मग आम्ही बसलो इथे. तुझी आई म्हणाली, काय टाकू? मी म्हटलं, टाक, सत्तरीतल्या विधवेसाठी वर पाहिजे. तिने टाकलं गं! शिवाय लिहिलं, स्वतःचं घर असल्यास प्राधान्य. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा भाऊ दारात. तोंड असं, कडू काढा प्यायल्यासारखं. म्हणतो, आई, या वयात एकटेपणा वाटतो, मी समजू शकतो, पण निर्णय घाईत घेऊ नयेत. तुझी आई शांतपणे, कसला निर्णय रे? तो म्हणतो, नाही, जनरल बोलतोय."

"आणि ती काहीच बोलली नाही?"

"बोलायचं कशाला? तिने त्याला जेवायला वाढलं. पोटभर जेवून गेला. गेल्यावर मी म्हटलं, आता त्याचे कान उपट. तर म्हणाली, राहू दे की. असं काहीतरी टाकलं की येतो तरी."

मावशीने चष्मा काढून पदराने पुसला.

"मग तेच सुरू झालं. महिना झाला की ती मला हाक मारायची. चल गं, मुलाला बोलवायचंय. एकदा घर विकायची चौकशी टाकली. एकदा बोटीवर राहायला कसं जायचं ते. प्रत्येक वेळी साहेब हजर. शेवटच्या वेळी, आम्ही टाकलं होतं, सर्कशीत ज्येष्ठांना काम मिळतं का? तो आला, आणि काळजीच्या सुरात म्हणाला, आई, तुला हल्ली पैशाची अडचण आहे का? मला राहवेना. मी इथेच बसले होते, फुटलेच मी. मग तीही हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. तेव्हा त्याच्या लक्षात आलं. लाल झाला. खेळ चाललाय का, म्हणाला, आणि ताडताड निघून गेला. स्वतःची चोरी पकडली गेली तर राग आम्हाला दाखवला."

"मग?"

"मग आला नाही. पुढे मी लेकीकडे गेले. परत आले तर…" तिने हाताने खोली दाखवली.

मी ब्राउझर उघडला. आईने काय काय शोधलं ते तिथे क्रमाने होतंच, तिने कधी काही पुसलं नव्हतं. चोरून बघणाऱ्याची लाज तिने स्वतःकडे घेतली नव्हती. बोट सापडली. सर्कस सापडली. ती वाक्यं लांबलचक होती, मावशीचा आवाज त्यांत ऐकू येत होता. सर्कशीच्या पुढे बरेच दिवस रिकामे. मग आई गेली त्या आठवड्यात पुन्हा ओळी होत्या. आखूड.

डाव्या हातात कळ.

जबडा दुखणे कारण.

जिना चढताना छातीवर दाब.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही. तिने उत्तर म्हणून आलेलं एकही पान उघडलं नव्हतं. नुसतं विचारलं होतं.

मावशी पुढे वाकून वाचत होती. तिचे ओठ हलत होते.

"हे आमचं नाही," ती म्हणाली. "मी नव्हते गं त्या आठवड्यात."

"माहीत आहे."

"फोन नाही का करायचा बाईने? मला, तुला…"

मला दर रविवारी ती फोन करायची. त्या रविवारीही केला होता. माझ्या खोकल्याची चौकशी केली, स्वतःचं ठीक असल्याचं सांगितलं. दुखतंय हे तोंडाने सांगणं तिला जमत नसे. दात उपटून आली तरी आम्हाला सूज बघून कळायचं. पण पडद्यावर तीन ओळी टाकायच्या आणि दाराकडे बघत बसायचं, हे तिला जमण्यासारखं होतं. बोर्डावर कॉल जोडायला लावतात तसा दोर तिने लावून दिला होता. पलीकडे घंटी वाजत होती.

दादा आला तेव्हा त्याच्या खांद्याला लॅपटॉपची बॅग होती आणि हातात स्क्रू ड्रायव्हर. त्याने मावशीला नमस्कार केला नाही. सरळ टेबलाशी आला आणि पडद्यावरच्या ओळी बघून थांबला. स्क्रू ड्रायव्हर कुठे ठेवावा हे त्याला सुचत नव्हतं.

"हे बघ," तो म्हणाला, "मी ते तिच्या सुरक्षेसाठी टाकलं होतं. एकटी बाई. उद्या कुणी फसवलं असतं तर? सगळी मुलं करतात आजकाल."

"मी ते विचारलं नाही."

"मग काय विचारतेस?"

"हे पाहिलं होतंस?"

"दिवसभर मी काय तेच बघत बसतो का? मला कामं असतात."

"दादा, आज दुपारी तुला पाच मिनिटंही लागली नाहीत."

तो मावशीकडे वळला. "यांच्यामुळे! यांना विचार. लग्न काय, सर्कस काय! आईला नादाला लावलं. मला वाटलं पुन्हा तेच. वाटलं, दोघी बसल्या असतील मला पळवायला. मी गेलो असतो आणि या पुन्हा हसल्या असत्या."

"म्हणजे पाहिलं होतंस."

"मला वाटलं पुन्हा तेच," तो परत म्हणाला. या खेपेला आवाज लहान होता.

मावशी उठली. इतकी वर्षं मी तिला चिडलेली, बडबडताना, रडताना पाहिलं आहे. असा आवाज मात्र ऐकला नव्हता. बोर्डावरचा असावा. "साहेब," ती म्हणाली, "लाइनवर जो ऐकत बसतो त्याला निदान ऐकू तरी यायला हवं." आणि परत बसली.

मी उठून खुर्ची त्याला दिली. "पासवर्ड टाक," म्हटलं. "काढ तो."

तो बसला. पासवर्ड टाकताना त्याने हाताचा आडोसा केला. आईच्या घरात, आईच्या खुर्चीत, आईचे सगळे शब्द खिशात घेऊन फिरलेला माणूस स्वतःचा पासवर्ड आम्हाला दिसू नये म्हणून कीबोर्डवर हात धरत होता. मला हसू आलं असतं, पण ते दोघींनी मिळून हसायचं हसू होतं.

करडं चिन्ह गेलं. त्याने काही विचारलं नाही, निरोप मागितला नाही. मग फोल्डर सरळ उघडला आणि फोटो लगेच सापडला. बायकांच्या दोन रांगा, सगळ्यांच्या कानांवर हेडफोन. मावशी मधोमध, छाती पुढे काढून. आई कडेला, मान किंचित वळलेली, फोटो काढणाऱ्याकडे लक्ष नाही. "बोर्डावर दिवा लागला होता," मावशी हळूच म्हणाली. "फोटो राहिला बाजूला. हिला तो कॉल घ्यायचा होता."

तेव्हाच बाहेरच्या खोलीतला फोन वाजला. आईने घरचा फोन कधी काढू दिला नव्हता. दादा सवयीने उठला, जणू सुटका झाल्यासारखा, आणि बाहेर जाऊन त्याने तो उचलला. मी त्याच्या मागोमाग गेले.

"हो, मीच बोलतोय, काका. हो. काय सांगू…" त्याने मान हलवली. "अचानक गेली हो. कुणालाच काही…"

इथे त्याला मी दिसले. मी दाराच्या चौकटीत उभी होते. त्याने हाताने खूण केली, जा, मी बोलतोय. आमच्या घरातली जुनी खूण. आजवर ती पाहून आम्हा दोघांपैकी कुणीही खोलीत थांबलं नव्हतं.

मी थांबले. हाताची घडी घालून, सगळं ऐकू येईल अशी.

"हॅलो?" पलीकडून आवाज आला, तोही मला ऐकू आला. "हॅलो, आहेस ना?"

"आहे," दादा म्हणाला. त्याने माझ्याकडे पाठ केली. मग वायर ताणली गेली म्हणून पुन्हा वळावं लागलं. "नाही, म्हणजे… तिला त्रास होत होता थोडा. आधीपासून."

मी हलले नाही.

"हाताला कळ यायची. छातीत." तो जमिनीकडे बघत होता. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. साधासा प्रश्न असणार, कुणीही विचारील असा.

"हो काका," तो म्हणाला. "मला माहीत होतं."

मग मी आत गेले आणि जाताना दार ओढून घेतलं.